डिस्चार्ज बुकातले आईचे नाव

आमचे आण्णा १९७४ साली सैन्यात भरती झाले आणि १९९१ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शन दरमहा बँकेत जमा होत असल्यामुळे त्यांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, ट्रंकेच्या तळाशी कित्येक वर्षे तसेच पडून होते. जुन्या निवृत्तिवेतनधारकांना 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत घेतले गेले तेव्हा माहिती पडताळण्यासाठी ते बाहेर काढले, आणि आधार कार्डावर आईच्या नावाला जोडलेले 'बाई' लष्कराच्या नोंदीत कुठेच नसल्याचे लक्षात आले. इंग्रजी स्पेलिंग निराळे होते आणि तिच्या जन्मतारखेची जागा कोरी होती.

लग्न, अपत्यांचे जन्म अशा घटना जवानाने कळवल्यावर त्यांचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या घटनेची नोंद करणारा लेखी आदेश, निघतो आणि त्यावरून सेवानोंदीत भर पडते. आण्णांनी लग्नाची सुट्टी संपवून परतल्यावर नाव तोंडी सांगितले, कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत टंकित केले. आपला 'ज्ञानदेव' उत्तरेकडच्या कानाला 'ग्यानदेव' ऐकू येतो आणि 'डी'ऐवजी 'जी'ने सुरू होतो, तसेच हे. त्यात आपल्याकडच्या बायकांची माहेरचे, सासरचे आणि रेशनकार्डावरचे अशी तीन नावे असू शकतात.

आण्णा हयात आहेत तोवर या फरकाने काही अडत नाही. त्यांच्या पश्चात मात्र कुटुंब निवृत्तिवेतनाचा दावा आईला करावा लागेल आणि नोंदीतली स्त्री आपणच, हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडेल, तेही ज्याच्या एका सहीने प्रश्न मिटला असता तो माणूस नसताना. वयाच्या ८० व्या वर्षापासून मिळणारी २० टक्के वाढही तिच्या जन्मतारखेच्या नोंदीवरच ठरणार. म्हणून अर्ज आण्णांनी स्वतः, स्वतःच्या सहीने करावा असे आम्ही ठरवले.

बँकेत किंवा 'स्पर्श'वर दुरुस्ती होईल अशी माझी समजूत होती; ती चुकीची निघाली. मूळ नोंद ज्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. तिथे ती दुरुस्त झाल्यावर प्रयागराजच्या संरक्षण लेखा (पेन्शन) कार्यालयातून सुधारित पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), म्हणजे 'कॉरिजेंडम', निघतो, आणि बाकीच्या नोंदी त्यामागून येतात. कामाची सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करणे सोयीचे, कारण कागदपत्रांचे साक्षांकन तिथे होते आणि मसुदाही तपासून मिळतो.

ओळखीच्या काहींनी राजपत्रात नाव बदलून घ्या असा सल्ला दिला. मला तो पटला नाही. राजपत्रातली जाहिरात सांगते की या व्यक्तीने आपले नाव बदलले आहे. माझ्या आईने तर काहीच बदललेले नव्हते. काही प्रकरणांत राजपत्र मागितले जाते आणि तेव्हा ते द्यावेच लागते, पण आपण होऊन 'बदल' हा शब्द वापरू नये. आम्ही आई-आण्णा दोघांचे संयुक्त प्रतिज्ञापत्र केले आणि त्यात दोन्ही नावे, स्पेलिंगसह, एकाच स्त्रीची म्हणजे अर्जदाराच्या पत्नीची आहेत असे स्पष्ट लिहिले. सोबत आधार, पॅन, दोघांचा एकत्र फोटो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ यांच्या प्रती जोडल्या.

पहिला अर्ज परत आला, आणि चूक आमचीच होती. सैनिक क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ते मी शोभेचे समजून गाळले होते. आकडे चुकले तर त्या अक्षरावरून पकडता येतात, म्हणून ते क्रमांकाचाच भाग आहे, हे आण्णांनी मला त्या दिवशी जरा चढ्या आवाजात सांगितले. पन्नास वर्षांपूर्वीचा तो क्रमांक त्यांना अक्षरासकट पाठ आहे; आम्हा भावंडांचे फोन नंबर नाहीत.

दुसरा अर्ज रजिस्टर टपालाने पाठवला, पोच जपून ठेवली आणि काही महिन्यांनी कॉरिजेंडम आला. आईने तो हातात घेऊन स्वतःचे नाव बोटाने शोधले आणि 'बाई' आहे ना, एवढेच विचारले.

आण्णांच्या स्वतःच्या जन्मतारखेचा विषयही या निमित्ताने घरात निघाला. आजी त्यांचा जन्म श्रावणातला सांगायची. शाळेत गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांप्रमाणे १ जून लावली. पण तीच १ जून दाखल्यावर, भरतीच्या कागदांवर, पीपीओवर आणि आधारवर सगळीकडे एकसारखी आहे, म्हणून तिला आम्ही हात लावलेला नाही.