पावणेएकचा वाचक

रविवार, रात्रीचे सव्वाबारा

स्वारगेटला उतरून घरी येईपर्यंत साडेदहा वाजले. आंघोळ झाली, ताक पिऊन झालं, झोप काही नाही. उद्या दुपारपर्यंत बत्तीस पानांची प्रुफं द्यायची आहेत, म्हणजे खरं तर पाठ टेकायला हवी. पण डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, आणि ती इतकी फालतू आहे की कुणाला सांगितली तर म्हणतील, हात्तिच्या, एवढंच?

जेवताना मी नमूला विचारलं, "मग, किती पडले?"

एवढंच. हातात रसाची वाटी होती, आवाज काकाचा होता, जसा असायला हवा तसा.

ती म्हणाली, "काका, तुम्ही वाचलंय की. मंगळवारी रात्री बारा अडतीसला."

मी म्हटलं, मी कुठला वाचतोय बाई, मी तो घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडतसुद्धा नाही. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की ते बोलायला मला हल्ली हजर राहावं लागत नाही. नमूने डाव्या हाताने फोन ओढला (उजवा रसाने माखलेला), स्वतःच्या निकालाच्या मेसेजवर बोट दाबून धरलं, काहीतरी उघडलं आणि फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. वाचले, अशी यादी. दादा, वहिनी, बापू, मिरजेची आत्या. आणि मी. पुढे १२:३८.

आणि मग मी जे बोललो ते बोललो नसतो तर निभावलं असतं. मी म्हटलं, "पण मी तर निळ्या खुणा बंद केल्यात!"

सगळं ताट-वाट्यांसकट घर हसलं. बापूला ठसका लागला. नमू अगदी मास्तरणीच्या समजूतदारपणे म्हणाली, "ते एकेकट्याशी बोलताना चालतं, काका. ग्रुपमध्ये नाही चालत. तिथे सगळं दिसतं."

आठ वर्षं तरी झाली असतील मला त्या खुणा बंद करून. एवढं साधं मला माहीत नव्हतं.

वाईट हे की त्याच्या दहाच मिनिटं आधी माझं वडगाव सांगून झालं होतं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि अख्खं गाव मोबाईल, टीव्ही बंद करून ठेवतं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्याला मोकळं. २०२२ च्या ऑगस्टपासून चाललंय. सांगलीत बसून मी सांगलीकरांना सांगली जिल्ह्यातलं गाव सांगत होतो, वर विचारत होतो की एक खेडं करू शकतं, तुम्हाला काय धाड भरलीय? दादा नुसता मान हलवत होता. तो नेहमीच हलवतो.

नमू म्हणाली, "वडगावात सात ते साडेआठच बंद असतं ना? मग तुमची वेळ बरोबर आहे."

पुन्हा हशा. वहिनी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, रस घ्या अजून," आणि माझी वाटी भरली. काठोकाठ.

बसमध्ये इस्लामपूर येईपर्यंत मी चिडलेलोच होतो. पोरीच्या निकालाचं जेवण म्हणून मुद्दाम गेलो, पाचशेची नोट पाकिटात घालून नेली, आणि माझीच खिल्ली. मोठ्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडतात का? आणि वाचलं तर वाचलं, चोरी केली का? माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घात डोळे फोडतो, रात्री घटकाभर काही चाळलं तर त्याची हजेरी लागायला हवी? पूर्वी पावणेएकला या घरात बोलायला माणूस होतं. तो विषय नको.

कराडला शेजारच्या खिडकीतल्या मुलाने कानात बोंडं घातली आणि मला स्वतःशी बोलायला पूर्ण मोकळीक मिळाली. तेव्हा हळूहळू ध्यानात आलं की मला नमूचा राग आलेला नाही. हशाचाही नाही. मला ती काठोकाठ भरलेली वाटी सलतेय.

मार्चमधला तो मेसेज.

वहिनीने त्याच ग्रुपवर टाकला होता. "रिपोर्ट आला. उद्या सकाळी ११ ला अॅडमीट होतेय. कुणी काळजी करू नका." रात्री नऊच्या सुमाराला टाकलेला असणार. मी वाचला माझ्या वेळेला, अंथरुणात, चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून. आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहावं का म्हणून मघापासून पेन हातात धरून बसलोय. माझी नजर पहिल्यांदा गेली ती "अॅडमीट"च्या दीर्घ वेलांटीवर. ऱ्हस्व हवी. मग बाकीचं वाक्य वाचलं.

उत्तर दिलं नाही. कारण काय? रात्री बाराला उत्तर दिलं असतं तर कळलं असतं ना, की हा बघतो म्हणून! सकाळी फोन करू, असं ठरवून झोपलो. सकाळी छापखान्यातून पोरगा आला, छपाईचा फॉर्म अडला होता. दुपारी वाटलं, आता ऑपरेशन चालू असेल, कशाला त्रास द्यायचा. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता एवढ्या उशिरा काय तोंडाने विचारू. चौथ्या दिवशी दादाचाच फोन आला, सगळं नीट झालं म्हणून. आणि मी काय केलं? मी रागावलो. "घरात एवढं होतं आणि मला एक फोन नाही? मी काय परका?" दादा बिचारा म्हणाला, "अरे हो, तू ते बघत नाहीस, डोक्यातच आलं नाही बघ. चुकलं माझं."

चुकलं माझं, असं तो म्हणाला. मी ते ऐकून घेतलं. वर म्हटलं, असू दे.

आता प्रश्न असा की वहिनीला कधीपासून माहीत आहे. स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून धरलं की कळतं, आणि नमूने ते आईला दाखवलं नसेल असं होणार नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या माणूस दुसरं काय करतं? कुणी वाचलं, कुणी नाही, हेच बघत असणार. बारा एक्केचाळीस, की किती वाजले होते त्या दिवशी. म्हणजे दादा मला फोनवर "चुकलं माझं" म्हणत होता तेव्हा ती शेजारच्या खाटेवरून ऐकत होती, आणि तिला ठाऊक होतं. आणि गप्प राहिली. मे महिना उजाडला तरी गप्प. मी आज पायरीवर चपला काढताना "तब्येत कशी काय वहिनी, मला तर काही कळतच नाही तुमच्याकडचं" म्हणालो, तेव्हाही.

की तिला माहीतच नाही, आणि मी उगाच वाटीत अर्थ शोधतोय? रस उरला असेल म्हणून वाढला असेल.

नाही. माहीत आहे.

खंबाटकीच्या बोगद्यात फोनची रेंज गेली तेवढी दोन मिनिटं बरी गेली.

माझ्या बोलण्यात खोट होती का? हेही खरं नाही. मी जे बोलतो त्यात खोटं काही नाही. राईनपाडा मी कधीच विसरणार नाही. १ जुलै २०१८, साक्री तालुका. भिक्षा मागत फिरणारी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, मुलं पळवणारी टोळी आलीय अशा फिरत्या मेसेजवरून लोकांनी बडवून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने जाहीर केलं, की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. मी हे लग्नकार्यात सांगतो, बारशात सांगतो. पाच माणसं गेली तेव्हा पाचची मर्यादा आली, असं आवाज खाली आणून म्हणतो आणि मग थोडं थांबतो. त्या थांबण्याची मला सवय झालीय. लोक गप्प होतात आणि मी भात कालवतो. ती माणसं कुणाच्या तरी घरची होती आणि मी त्यांना कशाला वापरतो, तर मी तुमच्यासारखा नाही हे सांगायला.

तसा मी होतोही तुमच्यासारखाच. ऑर्कुटवर होतो की! तिथे लोक एकमेकांबद्दल चार शब्द लिहायचे, टेस्टिमोनियल म्हणून; त्यांचं शुद्धलेखन तपासून द्यायचो, फुकट. तिथे कोण आपल्याकडे डोकावून गेलं त्याची यादी दिसायची. ती बंद केली की आपलं नाव दुसऱ्याकडे उमटायचं नाही, पण आपल्याकडे कोण आलं तेही कळायचं नाही. मी पहिल्या आठवड्यातच बंद केली होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट मिटलं, नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या, त्याही मी बंद करून टाकल्या. म्हणजे माझा हा रोग जुना आहे, यंत्रं फक्त बदलत गेली. बघायचं, पण दिसायचं नाही. स्टेटससुद्धा सगळ्यांचे बघतो. मिरजेच्या आत्याचे सगळे अभंग मला पाठ झालेत. त्यातल्या तीन ठिकाणच्या चुका तिला सांगाव्यात म्हणून जीव तळमळतो, पण सांगणार कसा?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आहे, ती मी नव्या पोरांना हटकून सांगतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं, तेव्हा सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नव्हती. शाईत चरबी असते म्हणे. तर या गृहस्थाने शाईत चरबीच्या जागी तूप घातलं. पोरं हसतात, मीही हसतो. आज साताऱ्याच्या स्टँडवर चहा घेताना ती गोष्ट आठवली आणि पहिल्यांदाच वाटलं, तुपाची शाई यायच्या आधीही एखादे शास्त्रीबुवा असतील. दिवसा ओट्यावर बसून छापखान्याच्या नावाने बोटं मोडणारे. आणि रात्री दाराला कडी घालून, समईची वात पुढे सारून, चरबीच्या शाईचं कुणाचं तरी चोपडं उघडून बसणारे. वाचायला नव्हे हो, चुका काढायला. माझं आणि त्यांचं जमलं असतं. फक्त त्यांच्या वेळेला चोपडं कुणाला सांगत नव्हतं, बुवा कितीला येऊन गेले ते.

हे मनात आलं आणि मी एकटाच हसलो. चहावाल्याने सुट्टे पैसे देताना जरा जपूनच दिले.

चला, एवढं झालं तर झालं. नमूला ९१.४० पडले. बुधवारपासून मला माहीत होतं आणि मला आनंदही झाला होता, खराखुरा, अंधारात एकट्याला. तो तिला कळवायला मी चार दिवस थांबलो, कारण मला तो "कळायचा" होता. पाकिटावर सुद्धा मी नाव सोडून काही लिहिलं नव्हतं. टक्के लिहिले असते तर पकडला गेलो असतो, एवढी हुशारी.

एक वाजत आलाय. मघाशी मध्ये उठून फोन घेतला. आता लपवून काय करायचंय म्हणून ग्रुपच उघडला. नमूने दुपारचे फोटो टाकलेत. एकात मी आहे, हात उंचावून काहीतरी पटवून देतोय, वडगावच असणार. खाली बापूने लिहिलंय, "काका रात्री बघतीलच." खाली सात जणांचे हसरे चेहरे. आठवा मी टाकला. अंगठा जरा थरथरला, खोटं का बोला. इतक्या वर्षांत त्या ग्रुपवर माझा हा पहिलाच.

मग ग्रुपमधून बाहेर आलो आणि वहिनीचं नाव काढलं. एकटीचं. तिथे दोन वर्षांपूर्वीचं तिचं "दिपावलीच्या हार्दीक शुभेच्छा" आहे, दोन चुका, आणि त्याखाली माझं काही नाही. लिहिलं, "वहिनी, मार्चमधला मेसेज मी त्याच रात्री वाचला होता." पुसलं. पुन्हा तेच लिहिलं. "दादाची चूक नव्हती," एवढं पुढे जोडलं आणि पाठवलं. माफी वगैरे शब्द लिहून बघितले होते, प्रुफातल्यासारखे दिसायला लागले, काढले.

दोन करड्या खुणा उमटल्या. म्हणजे पोचला. वाचला का, ते मला दिसणार नाही. आपण निळ्या बंद केल्या की समोरच्याच्याही दिसत नाहीत, हा त्यातला नियम. सेटिंगमध्ये जाऊन ते बटण शोधलं, सापडलंही, आणि चालू न करता परत आलो. उद्या बघू.

वहिनी तशी साडेदहालाच झोपते.