जास्तीचा क्यूब

मंगळवार, रात्री १०

आज धंतोलीत डॉक्टरांकडे जाऊन आले. नडगी मोडली त्याला १४ आठवडे झाले. ऊन असं की रिक्षातून उतरताना कुबडीची दांडी हाताला चटका देत होती.

डॉक्टरांनी एक्स-रे आधी पाहिलाच नाही. नडगीवरून अंगठा दाबत खाली आले, मग मोडल्या जागेच्या वर-खाली धरून पाय हलकेच वाकवून पाहिला. दुखलं नाही. मग फिल्म उजेडावर धरली. समोरून दोन कडा, बाजूने दोन, प्रत्येकीला १ ते ३ गुण. नवं हाड नाही तर १, हाड आलंय पण भेग दिसते तर २, भेगच पुसली गेली तर ३. म्हणजे पूर्ण १२. मला ९. मागची कड अजून १ वरच अडून बसली आहे. दहावीच्या भूमितीतही मी इतकी काठावर नव्हते.

हिंगण्याच्या एमआयडीसीत बांधकाम साहित्याच्या लॅबमध्ये आयुष्य चाललंय, त्यामुळे हे गुण काही गळी उतरेनात. आमच्याकडे स्लॅब ओतला की त्याच मालाचे १५० मिमीचे क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मशीनखाली फोडायचे. काटा चढत जातो, थबकतो, कर्रकन आवाज होतो, काटा मागे फिरतो. तो आकडा खरा. पायाचा जास्तीचा क्यूब कुठून आणायचा?

डॉक्टरांना तसं म्हटलं तर ते खुललेच. १९७७ साली सशांवर हेच केलंय म्हणाले. नडगी भरून येत असताना ठरावीक दिवसांनी ती पिरगळून मोडायची. आधी जुन्या जागीच मोडते, तीही रबरासारखी लवत. मग कडक होते, पण मोडते तिथेच. पुढे थोडी तिथे, थोडी चांगल्या हाडात. शेवटी जुनी जागा तशीच राहते आणि हाड भलतीकडेच मोडतं. तो दुसरा टप्पा डोक्यातून जाईना. कडक झालं, तरी पक्कं नाही! एक्स-रेत तर फक्त कॅल्शियम दिसतं.

बाहेरून सळ्या लावलेल्या पायाचा ताठपणा मोजता येतो. एक अंश वाकवायला १५ न्यूटन-मीटर जोर लागला की सळ्या काढतात. माझ्या पायात आतून रॉड आहे. मोजायला गेलं तर रिपोर्ट रॉडचाच निघायचा.

घरी आईने दारातच विचारलं, "काऊन वं, धरलं का हाड?"

"बारापैकी नऊ."

"मंग पासच झाली ना!"

संध्याकाळी वजनकाट्यावर पाय टेकवला. अजून ३० किलोच्या वर भार द्यायचा नाही. २२, २६, २९. कुठे कळ आली नाही, म्हणून जरा जास्तच रेटला. आईचे डोळे काट्यावरच होते.

"बस्स. उचल पाय."

उचलला.