आवाज बंद करून पाहिलेली साक्ष

२०१८ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या ऑफिसात माझ्याकडे एकच काम होतं. ब्रेट कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीला सिनेटमधला कोण काय मत देईल, हे मतदानाआधी सांगायचं. शंभर सिनेटर, तक्त्यात शंभर ओळी. प्रत्येकापुढे पक्ष, जुन्या मतांवरून काढलेला कल, त्याच्या राज्यात २०१६ ला ट्रम्प किती फरकाने जिंकले किंवा हरले, निवडणूक तोंडावर आहे का, आणि २०१७ मध्ये त्याच न्यायालयावर नेमलेल्या नील गोर्सच यांना त्याने काय मत दिलं होतं.

नव्वदच्या वर नावं पक्ष बघूनच सुटतात. गोर्सच यांच्या वेळीच ६० मतांची अट काढून टाकली होती, त्यामुळे साधं बहुमत पुरे होतं. रिपब्लिकन ५१, समोरचे ४९. सगळा जीव चार-पाच ओळींत अडकलेला.

त्यातल्या दोन ओळी डेमोक्रॅटांच्या होत्या: वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि नॉर्थ डकोटाच्या हायडी हाइटकँप. दोघांच्या राज्यांत ट्रम्प प्रचंड फरकाने जिंकलेले, दोघांनी गोर्सचना होकार दिलेला, दोघांची निवडणूक नोव्हेंबरात. या तक्त्यावर चालणाऱ्या मॉडेलने दोघांपुढे होकार मांडला. मलाही तो पटला.

मँचिन यांच्या बाबतीत तो खरा ठरला. हाइटकँप यांनी मात्र गुरुवारी, ४ ऑक्टोबरला, नकार जाहीर केला. निवडणुकीच्या जनमत पाहण्यांत त्या आधीच मागे होत्या. तक्त्यातला त्यांचा हिरवा चौकोन मी हाताने लाल केला, पण समाधान होईना. एवढं नुकसान समोर दिसत असताना का? कॅव्हनॉ यांनी तरुणपणी लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप एका महिलेने केला होता, आणि त्यावर त्यांची सिनेटपुढे साक्ष झाली होती. हाइटकँप यांनी मुलाखतीत सांगितलं की ही साक्ष त्यांनी दुसऱ्यांदा पाहिली ती आवाज बंद करून, फक्त चेहरा आणि देहबोली बघत. त्या रात्री मीही ती तशीच लावली. आवाज नसला की माणसाचे हात किती दिसतात! त्यावरून कोणाचं खरं, हे मी ठरवू शकत नव्हते. पण हे पाहून एखादी व्यक्ती आपली जागा पणाला लावू शकते, एवढं मला त्या रात्री मनापासून पटलं. नोव्हेंबरात त्या हरल्या.

शुक्रवारी सकाळी चर्चा संपवण्यावर मतदान झालं, ५१ विरुद्ध ४९. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की उठल्या आणि जेमतेम ऐकू येईल असं ‘नाही’ म्हणाल्या. आपल्या पक्षातून एकट्याच. दुपारी मेनच्या सुझन कॉलिन्स पाऊण तास बोलल्या आणि अखेरीस होकारावर आल्या; पाठोपाठ मँचिन यांचं निवेदन आलं. मी लगेच अंतिम आकडा कळवून टाकला: ५१-४९.

संध्याकाळी तोही बदलावा लागला. मोंटानाचे स्टीव्ह डेन्स यांच्या मुलीचं लग्न नेमकं शनिवारी होतं. त्यांचा होकार, मर्कोव्स्कींचा नकार. त्यांच्यासाठी मर्कोव्स्कींनी आपलं मत मोजायचं नाही असं ठरवलं, म्हणजे दोन्ही बाजूंचं एकेक कमी होऊन फरक तेवढाच राहतो. ‘पेअर’ ही जुनी रीत. दोन सिनेटरांनी शब्दावर पाळायची. इतक्या कडवट आठवड्यात ती पाळली गेली, याचं मला फार बरं वाटलं.

फोनवर बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, मग बरोबरच आहे की. मुलीचं लग्न टाकून कोण येईल?”

शनिवारी, ६ ऑक्टोबरला, मी नावांची यादी छापून पेन्सिल घेऊन बसले. सिनेटर आपापल्या जागी बसलेले, उपाध्यक्ष पेन्स आसनावर, वर गॅलरीतून आरडाओरडा, मध्येच थांबणारी हजेरी. मी हो आणि नाही असे दोनच रकाने आखले होते. मर्कोव्स्कींचं नाव आलं. त्या म्हणाल्या, “हजर.” मी समासात तेवढंच लिहिलं आणि खाली बेरीज केली: ५०-४८.