पहाटे चारची कंबर

मे महिन्यात जळगावच्या ओपीडीत लाल डोळ्यांची रीघ लागलेली असते. त्या रांगेत चोपडा तालुक्यातला २९ वर्षांचा एक जण डाव्या डोळ्यावर रुमाल धरून बसला होता. केळीचे घड ट्रकमध्ये भरण्याचं काम. "डोया उनात, डॉक्टरसाहेब."

डोळे आले की पापण्या चिपडांनी चिकटतात. याला एक चिपड नव्हतं, नुसतं पाणी. लाली बुबुळाच्या कडेभोवती जांभळट कड्यासारखी होती, बाहुली बारीक झालेली. टॉर्च चांगल्या उजव्या डोळ्यात मारला, तरी कळ डाव्यात गेली. एका बाहुलीवर उजेड पडला की दोन्ही आकसतात आणि बाहुलीभोवतीचा सुजलेला रंगीत पडदा ओढला जातो. हे डोळे येणं नव्हे, हा आयरायटिस, म्हणजे त्या पडद्याचा दाह.

स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या दुर्बिणीचा झोत एक बाय एक मिलिमीटरचा करून, खोलीत अंधार करून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या दाहाच्या पेशी मोजल्या. कवडशात धूळ तरंगते तशा त्या दिसतात. तीस-पस्तीस भरल्या. २६ ते ५० म्हणजे दाहाची पायरी तीन प्लस. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, तर ती गोल उघडेना. कड तुटलेल्या भाकरीसारखी वेडीवाकडी झाली. दोन ठिकाणी पडदा मागच्या भिंगाला चिकटला होता. म्हणजे हे दुखणं आजचं नव्हतं.

विचारल्यावर निघालं, तीन वर्षांत ही चौथी खेप. उजवा, डावा, उजवा, आता डावा. एका वेळी एकच. दर वेळी मेडिकलवरून ड्रॉप, आठ दिवसांत लाली गेली की बाटली बंद. चिकटायला यातच वेळ मिळतो. लाली आधी जाते, पेशी नंतर.

स्टुलावरून उठताना त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. असा आलटून-पालटून येणाऱ्या आयरायटिसमागे कधी कधी मणक्याचा संधिवात (स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस) असतो, म्हणून विचारलं, कंबर दुखते का, भाऊ? "कंबर ते दुखसच." घड उचलणाऱ्याचं हे उत्तर आलं की आपल्याकडे चौकशी तिथेच संपते. मी विचारलं, किती वाजता दुखते? पहाटे चारला जाग येते, म्हणाला. उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी, आणि दहा-वीस घड भरले की मोकळी. सुटीच्या दिवशी जास्त त्रास. ओझ्याने धरलेली कंबर कामाने वाढते आणि पडल्यावर निवते. ही बरोब्बर उलटी होती, आणि पाच वर्षांची.

टेप प्रत्येक ओपीडीत असतो. कमरेच्या दोन खळ्यांच्या रेषेवर खूण, तिच्या वर १० सें.मी. आणि खाली ५ सें.मी. खूण. गुडघे न वाकवता पुढे वाकलं की हे १५ सें.मी.चं अंतर निदान २० व्हायला हवं. त्याचं साडेसतरा झालं.

जुने कागद नॉर्मल होते, आणि तेच फसवतात. आरए फॅक्टर ही संधिवाताची नेहमीची रक्तचाचणी मणक्याच्या या संधिवातात सहसा निगेटिव्हच येते. एक्स-रे कमरेच्या मण्यांचा होता. सुरुवात होते ती नितंबातल्या सॅक्रोइलियाक सांध्यांत, आणि साध्या एक्स-रेत ते दिसायला वर्षं जातात. म्हणून त्या सांध्यांचा एमआरआय सांगितला. दोन्हीकडे हाडाच्या आत सूज होती. रक्तात एचएलए-बी२७ या जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह. या जनुकाचं आणि मणक्याच्या या संधिवाताचं नातं १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं. मात्र नुसत्या बी२७ वर निदान ठोकू नये. तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

डोळ्याला प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का हे स्टेरॉइड, जागेपणी दर तासाला एक थेंब. हे औषध तळाशी बसतं, बाटली हलवली नाही तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. सोबत होमॅट्रोपिन दिवसातून तीनदा, बाहुली हलती राहावी म्हणून. दोन औषधांत पाच मिनिटं. पेशी ओसरल्यावर दर आठवड्याला एकेक थेंब कमी, असे दीड महिना. मध्ये डोळ्याचा दाब पाहायचाच, स्टेरॉइडने तो चढतो. पहिल्या दिवशी ९ होता, तिसऱ्या आठवड्यात २२. थेंब कमी करण्याचा वेग थोडा वाढवला, दाब उतरला.

कंबर संधिवाततज्ज्ञांकडे सोपवली. त्यांना चिठ्ठीत एवढंच कळवलं की पुढे बायोलॉजिक (दाह रोखणारं इंजेक्शन) लागलंच तर त्यातलं डोळ्यासाठी ॲडालिमुमॅब बरं, एटानरसेप्ट डोळ्याच्या या दुखण्याला तितकं आवरत नाही. आणि त्याआधी टीबीची तपासणी. सध्या नेप्रोक्सेन ही सूज-वेदना उतरवणारी गोळी आणि रोजचा व्यायाम यावर पहाटेची जाग थांबली आहे.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याला उजेड खुपायला लागला. लाली यायच्या आत, त्याच संध्याकाळी तो चोपड्याहून आला. पेशी आठ-दहा. थेंब टाकल्यावर अर्ध्या तासात ती बाहुली जुन्या एका चिकटलेल्या जागेपुरती अडली, बाकी सगळी उघडली.