ओळंबा सोडल्यावर

दक्षिण बर्गंडीत तुर्नूजवळच्या एका खेड्यातलं चर्च. उत्तरेची भिंत बाहेर झुकलीय, छताला लांबलचक भेग आहे. कुलूप घालावं का, एवढंच गावाला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्यानंतर खेड्यापाड्यांतली जुनी चर्च बहुतेक गावाच्याच मालकीची आहेत, त्यामुळे ही डोकेदुखी महापौरांची.

आत पाऊल टाकल्याबरोबर खांब कललेले नुसत्या डोळ्यांना दिसतात. सहा मीटरवरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला जड गोळा, सोडला. एवढ्या लांब दोरीचा गोळा डुलतच राहतो, म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवायचा. दोन मिनिटांत स्थिरावतो. वरच्या आणि खालच्या अंतरातला फरक 14 सेंटीमीटर! नवख्याने लगेच टेकू मागवले असते.

पण या भागात झुकलेले खांब नवलाचे नाहीत. जवळच्याच शापेझच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये अकराव्या शतकातले जाडजूड गोल खांब असेच कललेत, आणि त्यांच्यावरचं टोकदार छत बाराव्या शतकात नव्याने घातलेलं आहे. कारण सरळ आहे. अर्ध्या पिंपासारखं दगडी छत नुसतं खाली दाबत नाही, भिंतींना सबंध लांबीभर बाहेर ढकलतं. चुना पुरता घट्ट होण्याआधी लाकडी साचा काढला, तर भिंती सरकतात. बलाढ्य क्लुनीच्या मठातही 1125 मध्ये छताचा काही भाग कोसळला होता. छत टोकदार केलं की हा रेटा कमी होतो. तुर्नूच्या सेंट फिलिबेरमध्ये गवंड्यांनी वेगळीच शक्कल लढवली: छोटी पिंपं आडवी, एकाला एक लावून टाकली, म्हणजे शेजारच्या दोघांचा रेटा परस्परच फिटतो. मला विचाराल तर त्या काळातलं सगळ्यात हुशार छत तेच.

तेव्हा खरा प्रश्न हा, की भिंत झुकली कधी? छताच्या आधी, की नंतर?

उत्तर परांचीवर मिळालं. भिंतीच्या खालच्या थरांवर पाणसळ टेकवली तर बुडबुडा एका बाजूला पळत होता. थर भिंतीबरोबर कललेले. छत जिथून सुरू होतं त्याच्या खालच्या दोन थरांत मात्र दगड पाचरीसारखे घडवलेले, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. त्यांच्या माथ्यावर बुडबुडा बरोबर मध्ये! म्हणजे गवंड्याला झुकाव दिसला होता, त्याने तो तिथेच मोडून काढला आणि मग छत चढवलं. छताची गोलाई कुठेही पसरलेली नव्हती.

भेगेत बॅटरी धरून पाहिलं. कडा बोथट, काळवंडलेल्या, आणि आत दोन बोटं खोल सफेदीचे ओघळ. ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतून दगडाच्या मूळ रंगाच्या असतात. या भेगेवरून सफेदीचे निदान तीन हात फिरले होते.

दुखणं बाहेर होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी कोणी तरी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या होत्या, अगदी नीटनेटक्या. अशी भिंत म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि पोटात चुन्यातली भर. जमिनीतली ओल पूर्वी दर्जांतून सुकायची. सिमेंटने ती वाट अडवली, की ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षारांचा लोणा फुटतो, थंडीत पाणी गोठतं आणि चुनखडीच्या खपल्या निघतात. दगड झिजून आत गेलेले आणि सिमेंटची जाळी पुढे आलेली. पोटातला चुनाही भिजून भुसभुशीत झालेला.

उपाय कंटाळवाणा आहे. सिमेंट हातानेच छिन्नीने काढायचं, तीन-चार सेंटीमीटर खोल. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्याच म्हणून समजा. दर्जा धुवून ओल्या करायच्या, एक भाग पाण्यातही घट्ट होणारा सौम्य चुना आणि अडीच भाग चाळलेली स्थानिक वाळू भरायची, वर आठवडाभर ओलं गोणपाट. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर हात लावायचा नाही. भिंतीलगतची माती खाली उतरवून पावसाचं पाणी लांब काढायचं, हे त्याही आधी.

चर्चला कुलूप लागलं नाही. भेगेवर तीन ठिकाणी मोजपट्ट्या बसवल्या. उन्हाळ्या-हिवाळ्यात दगड हलतोच, त्यामुळे वाचन महिन्यातून एकदा, सबंध वर्षभर. पहिला आकडा त्याच संध्याकाळी वहीत चढवला.