तात्यांचं तळघर

हॅमस्टरसाठी, म्हणजे त्या उंदराच्या जातीतल्या गुबगुबीत पाळीव प्राण्यासाठी, घर करावं तर जर्मन माणसांनी. रात्री जेवणं आटोपली की मी त्यांचे व्हिडिओ बघत बसते. दिवाणाएवढी काचपेटी, तिच्यात शेवाळ्याच्या गाद्या, वाळलेले ओंडके, झाडाच्या सालीचे बोगदे, लालचुटूक खोटी अळंबी आणि वरून सोडलेले मंद पिवळे दिवे. आपल्याकडे दिवाळीत पोरं किल्ला करतात, अळीव पेरून डोंगर हिरवा करतात, गुहेत वाघ बसवतात, त्याच हौसेची ही मोठ्यांची आवृत्ती. आणि किल्ला जसा येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावा म्हणून असतो, तसं यातलंही अर्धंअधिक बघणाऱ्यासाठीच असतं. त्यात गैर काही नाही, पेटी शेवटी आपल्याच हॉलमध्ये ठेवायची असते. पण 'अगदी निसर्गासारखं' म्हणून जे जंगल उभं करतात, त्या जंगलाशी या प्राण्याचं नातं काय, हे मला कळत नव्हतं.

आमच्याकडे आहे तो सोनेरी हॅमस्टर, म्हणजे सीरियन. लेकीनं त्याचं नाव ठेवलं तात्या. दिवसभर झोपायचं, रात्री दहाला उठून गाल फुगवून फेरी मारायची, मध्ये कुणी आलेलं खपवून घ्यायचं नाही, असे सगळे गुण जुळले म्हणून. आणि एकदा तात्या म्हटल्यावर एकेरीत बोलणं कुणाला जमेना. त्यामुळे आमच्या घरात 'तात्या उठले का', 'तात्यांना काकडी दिली का' असंच चालतं. सासूबाईंचा सुरुवातीला कडाडून विरोध होता. "अगं, पिंजरा लावून उंदीर पकडायचे दिवस काढले आम्ही, आणि तुम्ही विकत आणता!" बिनतोड मुद्दा होता. त्याही आता अहो-जाहोच करतात.

तर तात्यांचं मूळ गाव उत्तर सीरियात, अलेप्पोच्या परिसरात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात साउल अ‍ॅडलर हे परजीवीतज्ज्ञ लेश्मानियासिसवर काम करत होते. बिहार-बंगालनं पिढ्यान्‌पिढ्या भोगलेला काळा आजार हा त्याच रोगाचा एक प्रकार. अ‍ॅडलर प्रयोगांसाठी चिनी हॅमस्टर वापरत, पण ते पिंजऱ्यात काही केल्या वीत नसत. मग जवळपास कुठे दुसरा हॅमस्टर मिळतो का ते बघायचं काम इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाकडे आलं. १९३० च्या एप्रिलमध्ये तिथल्या शेखनं दिलेले मजूर लावून अहारोनींनी अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतात खणायला घेतलं. तासन्‌तास खणल्यावर, शेताची पार वाट लावून, सुमारे आठ फुटांवर एक घरटं लागलं: आई आणि अकरा पिल्लं. पुढची गोष्ट गोड नाही. पेटीत घातल्यावर आईनं एका पिल्लाचा जीव घेतला, मग माणसांनी आईचा. जेरुसलेमला पोचल्यावर काही पिल्लं पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून पसार झाली. जी हाती राहिली त्या भावंडांपासून वंश वाढला, आणि आज जगभर पाळले जाणारे जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळाचे वारस आहेत. आमचे तात्या धरून.

म्हणजे शेवाळं नाही, अळंबी नाही, ओंडके तर नाहीतच. शेत! ज्याला आपण निसर्ग म्हणून सजवायला निघालो, तो कुणा शेतकऱ्यानं नांगरून, पेरून ठेवलेला होता. १९९७ आणि १९९९ मध्ये जर्मन संशोधकांची तुकडी पुन्हा अलेप्पोकडे गेली तेव्हाही बहुतेक बिळं शेतातच सापडली, त्यातही डाळींच्या पिकांकडे ओढा जास्त. बिळांची खोली ३६ पासून १०६ सेंटीमीटरपर्यंत, सरासरी ६५. रचना अगदी साधी: सरळ खाली उतरणारी एक वाट, तिच्या टोकाला झोपायची खोली, शेजारी धान्याची कोठी. कोठी एखाद्याची जास्तही. आणि दर बिळात मोठं माणूस एकच. पुढे याच लोकांनी माद्यांवर नजर ठेवली तेव्हा दिसलं, की त्या दिवसाकाठी जमिनीच्या वर तासाभराच्या आसपासच असतात. बाकीचे तेवीस तास खाली, अंधारात.

हे वाचल्यावर माझा कल साफ बदलला. वरची सजावट गेली खड्ड्यात, आधी खड्डा हवा.

खड्डा किती खोल, याचंही उत्तर आहे. स्वित्झर्लंडमध्ये एक अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काही सोनेरी हॅमस्टरना १० सेंटीमीटर जाडीचा बिछाना दिला, काहींना ४०, काहींना ८०. दहावाले पिंजऱ्याचे गज सर्वांत जास्त कुरतडत होते आणि चाकावरही जास्त पळत होते. ऐंशीवाल्यांतल्या एकानंही गजाला दात लावला नाही. आपल्याकडे दुकानात हॅमस्टरबरोबर जो रंगीत तारेचा दुमजली पिंजरा गळ्यात मारतात, त्याचा ट्रे तीन-चार बोटं खोल असतो. त्यात चिमूटभर भुसा, झोपायला कापसाचा गोळा आणि खेळायला बशीएवढं चाक. कापूस तर देऊच नये. तो पायाला गुंडाळतो, गालाच्या पिशवीत अडकतो. आणि हे चिमुकलं चाक सीरियनला पुरत नाही. पळताना पाठ वाकडी होऊ नये म्हणून अठ्ठावीस सेंटीमीटरच्या आसपासचं चाक लागतं, म्हणजे चांगलं भाकरीच्या तव्याएवढं.

ऐंशी सेंटीमीटर खोल पेटी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? ती आधीपासूनच ठेवलेली होती. लग्नाच्या वेळी माहेरहून आलेली शोकेस. चार फूट लांब, दीड फूट रुंद, आत कपबशांचे सेट, शाळेतल्या ढाली आणि कुणीतरी सिंगापूरहून आणलेली बाहुली. हे सगळं वर्षानुवर्षं धूळ खात होतं. मिस्त्रींना बोलावलं. ते मापं घेऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, परत एकदा सांगा. आत राहणार कोण?"

सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, पण काम मात्र मन लावून केलं. मधली फळी काढली. पुढच्या सरकत्या काचांच्या फटीतून तात्या सहज निसटले असते, शिवाय खाचेत बिछाना अडकून काचा जाम झाल्या असत्या. म्हणून खालचे दोन फूट जाड अ‍ॅक्रिलिक पक्कं बसवलं आणि उघडायची दारं फक्त वरच्या भागाला ठेवली. वरच्या फळीत मोठी चौकोनी खिडकी पाडून बारीक जाळी ठोकली, हवा खेळायला. आतल्या कडा, जिथे सनमायका सुटून दाताला लागेल, तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. "उंदराचं काम आहे, पट्टी पाहिजेच," हे त्यांचंच म्हणणं.

मग भरणी. सुतारकामाचा भुसा फुकट मिळत होता, पण तो घेतला नाही. त्यात प्लायवूडचा डिंक असतो, बारीक धूळ असते, आणि देवदार-चीड जातीच्या लाकडाचा उग्र वास यांच्या श्वासाला सोसत नाही. कागदाच्या लगद्याचं बेडिंग घेतलं आणि त्यात सुकं गवत मिसळलं. इथली एक युक्ती कुणी सहसा सांगत नाही: नुसतं ओतून भागत नाही. एक थर कागद, एक थर गवत, तळहातानं दाबायचं, पुन्हा थर. गवताच्या काड्या आत आडव्यातिडव्या बसतात, म्हणून बोगदा ढासळत नाही. डाव्या बाजूला पावणेदोन फूट भर, उजवीकडे उतरत उतरत अर्धा फूट. घरभर गवताचा वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, "गोठा झाला गं घराचा!" आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

जड वस्तू या भरावावर ठेवायची सोय नाही. खालून बोगदा गेला की वरचा दगड थेट डोक्यात. त्यामुळे चाक आणि शहाबादीचा तुकडा लाकडी पायांच्या फळीवर आहेत, आणि ते पाय पार तळाला टेकलेले आहेत. उतारावर संक्रांतीची दोन सुगडं आडवी, रंग न दिलेली. पेरूची एक फांदी, गावाकडच्या झाडाची, फवारणी नसलेली, धुऊन कडक उन्हात वाळवलेली. सोसायटीच्या कुंपणाची कण्हेर सुरेख दिसते, पण ती विषारी, तिला दारातूनच नमस्कार. एका पसरट कुंड्यात वाळू, चाळून, धुऊन, कढईत भाजून घेतलेली. तात्या तिच्यात लोळून अंग साफ करतात. टाल्कमसारखी बारीक भुकटी मिळते ती नको, नाकात जाते.

आणि सजावट? केली की. अलेप्पो डोळ्यासमोर ठेवून केली. बाजरीची आणि राळ्याची अख्खी कणसं उभी खोचली, ओळीनं. नवरात्रात घट बसवताना पत्रावळीवर एक जादा गहू पेरला होता, तो बोटभर वाढल्यावर मातीसकट आत ठेवला. चार दिवस नुसतं हिरवंगार शेत दिसत होतं. पाचव्या रात्री कापणी झाली.

ही कापणी मी जवळून बघितलेली आहे. तात्या मागच्या पायांवर उभे राहतात, पुढचे दोन्ही हात कणसाच्या दांड्यावर ठेवून ते खाली ओढतात, दाणे दातानं ओरबाडतात आणि जिभेचं टोकही न लावता गालात सारतात. एक गाल भरला की दुसरा. गालाच्या पिशव्या खांद्यापर्यंत जातात, त्यामुळे बघता बघता मानच नाहीशी होते आणि डोक्याचा त्रिकोण होतो. मग बिळाच्या तोंडाशी जाऊन जरा अडकणं, अंग चोरून आत शिरणं. आत गेल्यावर ते वळतात, हातांनी बिछाना पुढे ढकलतात आणि दार आतून बुजवून टाकतात. अ‍ॅक्रिलिकला लागून गेलेल्या बोगद्यातून कोठी थोडीशी दिसते. तिथे दोन्ही हातांनी गाल मागून पुढे दाबून धान्य ओकायचं काम चालतं, मग नाकानं ढीग सारखा करणं. या कामात त्यांची तंद्री इतकी, की टॉर्चचा उजेड पडला तरी हात थांबत नाहीत. अर्थात टॉर्च मी एकदाच मारला. लेकीनं नंतर तिथे काळा कागद लावून टाकला. "आई, तुझ्या बेडरूमला कुणी काच लावली तर?"

आपल्या हवेत या धंद्याला दोन शत्रू आहेत, जे जर्मनांना ठाऊक नाहीत. पहिला मुंग्या. धान्याचं कोठार भरलेलं म्हटल्यावर त्या येणारच, आणि मुंग्यांचा खडू वगैरे विष आसपास आणता येत नाही. जुन्या घरांत दुधाच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. सासूबाईंनी माळ्यावरून चार पितळी वाट्या काढल्या, शोकेस उचलून त्यांत उभी केली, प्रश्न मिटला. पावसाळ्यात मात्र धान्य कमी द्यायचं आणि काकडी-गाजराचा तुकडा सकाळी शोधून उचलायचा, नाहीतर कोठीत बुरशी धरते.

दुसरा शत्रू एप्रिल-मे. तिशीच्या वर पारा गेला की हॅमस्टरचे हाल सुरू होतात, आणि पुण्यात तो चाळिशीला टेकतो. शहाबादी इथे कामाला येते. तिच्यावर तात्या पोट टेकून चपटे पडतात, पिठाची लाटी पडावी तसे. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून ती काचेला बाहेरून टेकवते. पण सगळ्यात मोठा आधार त्या पावणेदोन फूट भराचाच. दुपारी वर हात घातला तर कोमट लागतं, तळाशी गार. फूट-फूट खाली जायची अक्कल या जातीला उगीच सुचलेली नाही.

पाहुणे येतात ते सरळ शोकेसकडे जातात. पूर्वी सिंगापूरची बाहुली बघायचे, आता वाकून गवत बघतात. "कुठाय?" "झोपलेत." "पण दिसत कसे नाहीत?" माझी नणंद तर स्पष्टच म्हणाली, एवढा खर्च करून काही दिसणारच नसेल तर पाळायचं कशाला. मला यावर वाद घालता येत नाही. मला ते दिसत नाहीत तेव्हाच बरं वाटतं. काचेला नाक लावून कुणी येरझाऱ्या घालायला लागलं, तर काहीतरी चुकतंय. साफसफाईचंही तसंच. चाकाजवळचा ओला कोपरा तेवढा रोज काढते आणि बाकीच्या भरावातला थोडासाच भाग अधूनमधून बदलते. सगळं एकदम काढलं तर त्यांचा स्वतःचा वासच घरातून जातो, आणि मग रात्रभर अस्वस्थ भिरभिर सुरू.

परवा मिस्त्री स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीच्या कामाला आले होते. आधी शोकेसपाशी गेले, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरून बोट फिरवून बघितलं. "टिकली की हो." मग जरा घुटमळून म्हणाले, "वहिनी, माझ्या मेव्हण्याच्या पोरानं पण आणलेत. असंच घर करून मागतोय. दुकानवाल्यानं दोन दिलेत, जोडी."

"सोनेरी आहेत?"

"हो, हेच. असेच."

"मग दोन शोकेस घ्या मापाला," मी म्हटलं. "आणि आजच वेगळे करायला सांगा."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि गॅलरीत जाऊन मेव्हण्याला लावला.