सूर्य मावळला आणि पहारेकरी जागे झाले

'आर्स मॅजिका' हा 1987 साली प्रथम प्रकाशित झालेला, जादूगारांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायचा खेळ आमच्या रविवारच्या बैठकीत गेली काही वर्षे चालू आहे. तेराव्या शतकातल्या, दंतकथा खऱ्या असलेल्या युरोपात तो घडतो. त्यात तयार मंत्रांची यादी आहेच, परंतु खेळाडूला स्वतःचा मंत्र बांधण्याची जी मुभा दिलेली आहे, तिच्यासाठी मी हा खेळ इतरांहून वरचा मानतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या त्याच प्रकारच्या खेळात नवा मंत्र रचताना जुन्या मंत्रांशी तुलना करत अंदाज बांधावा लागतो, आणि तिथला 2014 चा मार्गदर्शक ग्रंथसुद्धा तिसऱ्या पातळीच्या सामूहिक मंत्राला सहा फाशांची इजा सुचवतो, तर त्याच पातळीचा प्रसिद्ध 'फायरबॉल' आठ फासे टाकतो. इथे मात्र हिशेब उघडा असतो.

मंत्राच्या मूळ परिणामाला एक पातळी असते आणि तिच्यावर पल्ला, मुदत व लक्ष्य यांच्या पायऱ्या चढतात. पाचपर्यंत प्रत्येक पायरी एका अंकाची, तर त्यापुढे पाच अंकांची. माणसाला झोपवणे हा चार पातळीचा परिणाम आहे. आवाज पोहोचेल इतका पल्ला हवा असेल तर दोन पायऱ्या लागतात, म्हणजे चारावरून पाच आणि पाचावरून दहा. पुस्तकातला एका माणसाला झोपवणारा मंत्र बरोबर दहाचा आहे.

आमच्या एका खेळाडूला नदीकाठच्या जकातनाक्यावरचे सहाही पहारेकरी एकदम झोपवायचे होते. 'समूह' हे लक्ष्य निवडल्यावर आणखी दोन पायऱ्या चढल्या आणि मंत्र वीसवर गेला. तिथेच थांबला असता तर बरे झाले असते. "अरे, मध्येच कोणी हलवून जागे केले तर? मला 'सूर्य' मुदत हवी," असे म्हणून त्याने आणखी दोन पायऱ्या घेतल्या आणि पातळी तीस झाली.

या खेळातल्या मुदती मला फार आवडतात, कारण त्या घड्याळावर न चालता आभाळावर चालतात. 'व्यास' म्हणजे सूर्याला आकाशात स्वतःच्या व्यासाइतके सरकायला लागणारा वेळ, सुमारे दोन मिनिटे. आपल्या घटका-पळांच्या घराण्यातलेच हे माप वाटते. 'सूर्य' म्हणजे पुढच्या सूर्योदयापर्यंत किंवा सूर्यास्तापर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. आमच्या जादूगाराने मंत्र म्हटला तेव्हा नदीवर तिरपे ऊन पडले होते आणि सूर्यास्ताला जेमतेम पाव तास उरला होता. तो कोठाराचे कुलूप उघडत असतानाच सूर्य मावळला, मंत्र सुटला आणि पाच पहारेकरी डोळे चोळत उठून बसले. "पण सूर्य म्हणजे दिवसभर ना?" हा त्याचा प्रश्न ऐकून बाकीच्यांची हसून पुरेवाट झाली.

सहावा पहारेकरी मुळात झोपलाच नव्हता, आणि खरा धडा त्याच्यात होता. तो माणसाच्या वेषातला परीलोकीचा जीव असून त्याची शक्ती पाचची होती, म्हणजे जादूला होणारा विरोधही पाचचा. जादूगाराच्या विद्या, प्रकृती आणि फासा मिळून तीस भरले. त्यातून मंत्राची पातळी वजा करून जे उरते तेवढाच भेद, म्हणजे विरोध भेदण्याची ताकद. तीसच्या मंत्राला शून्य उरले, वीसच्या मंत्राला दहा उरले असते. अनावश्यक पायरी चढवणारा खेळाडू आपलाच भाला बोथट करतो, हे मी त्याला आधीच सांगायला हवे होते. खेळ चालवणारा संचालक म्हणून तो दोष माझा.

शिवाय वेळही गेला. प्रयोगशाळेत मंत्र तयार करताना त्याच्या कौशल्यांची बेरीज 36 होती आणि पातळीच्या वर जितके उरेल तितकेच काम एका ऋतूत पुढे सरकते. तीसच्या मंत्रासाठी दर ऋतूला सहा, म्हणून पाच ऋतू लागले. वीसचा मंत्र दोन ऋतूंत झाला असता. हे ऋतू युरोपातले चार, आपले सहा नव्हेत, त्यामुळे पाच ऋतू म्हणजे सव्वा वर्ष.

क्षणिक मुदतीचा मंत्र त्या कामाला पुरेसा होता. झोप एकदा लागली की ती नैसर्गिक झोपच असते, कोणी आवाज केला नाही तर माणूस उठत नाही, आणि आवाज न करणे ही आपल्या हातातली गोष्ट आहे. नवी रचना त्याने याच धर्तीवर मांडली आहे, फक्त आता पल्ला 'दृष्टी' हवा आहे, म्हणजे समोरच्या टेकडीवरून काम होईल. एक पायरी वाढून पातळी 25 होते आणि तीन ऋतू लागतात, जे मला रास्त वाटते. अडचण निराळीच आहे: समूह इतर माणसांपासून वेगळा उभा असावा लागतो, आणि संध्याकाळी त्या नाक्यावर नावाडी पहारेकऱ्यांच्या शेकोटीभोवतीच बसलेले असतात. त्यावर त्याने अजून उत्तर दिलेले नाही.